भटू गुरुजींची पाठ

भटू गुरुजींची पाठ कुणी पाहिलेली नाही. माणसाला असते तशी त्यांनाही ती असणारच. पण पाड्यावर, शाळेत, तोरणमाळच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर कुणालाही विचारा, गुरुजी मागून कसे दिसतात? माणूस आधी हसतो, मग आठवायला लागतो आणि मग जरा गप्प होतो. वर्गातून निघताना गुरुजी उलट्या पावलांनी निघतात. दुकानातून साखरेची पुडी घेऊन निघतानाही तसंच. झेंडावंदनाला झेंड्याकडे तोंड करणं भागच असतं, तेव्हा ते सगळ्यांच्या मागे, पाठ भिंतीला लावून उभे राहतात. शाळेच्या जुन्या फोटोंत बाकी सगळी माणसं कार्यक्रमाकडे बघत असतात आणि गुरुजी एकटे कॅमेऱ्याकडे. एक फोटो बघून हसू येतं. सगळे फोटो ओळीनं बघितले तर अंगावर काटा येतो.

मी प्रकाशा गावाकडची. घरी तापीकाठची शेती, केळी आणि पपई, आणि घरातली झाडून सगळी माणसं मोठ्यानं बोलणारी. भुताखेतांना अशा घरात फारशी जागा नसते. बदलीची ऑर्डर पर्समध्ये घालून मी पहिल्यांदा शहाद्याहून रशीदभाईंच्या जीपमध्ये बसले, तेव्हा मला काळजी होती ती फक्त वळणांची आणि पोटाची.

“कोनती शाळा, मॅडम?” रशीदभाईंनी विचारलं. मी पाड्याचं नाव सांगितलं.

“आच्छा, भटू मास्तरनी शाळा!” ते म्हणाले आणि पुढचं वळण काढलं. मग म्हणाले, “मानूस लाख शे. फक्त त्याना मांगे काहीतरी शे.”

“मागे म्हणजे?”

“मांगे म्हंजे मांगे. पाठवर. कोनी देखी नही म्हनून तर सांगी ऱ्हायनू.”

मी हसले. रशीदभाई हसले नाहीत, आणि जीपमधल्या बाकीच्या बायाही हसल्या नाहीत, त्यामुळे माझं हसू मधेच अवघडून थांबलं.

रस्त्यावरून पाड्यापर्यंत चढण आहे. धुकं इतकं होतं की सागाची झाडं जवळ गेल्यावरच झाडं असल्याचं कळायचं. रस्त्याच्या कडेला एक उंच, किडकिडीत माणूस छत्री घेऊन उभा होता. “या मॅडम, मी भटू,” असं म्हणून ते वाट दाखवायला पुढे झाले, आणि पुढे झाले ते माझ्याकडे तोंड करून. अख्खी चढण तो माणूस उलटा चढला. धुक्यात त्यांचं शरीर विरघळून गेलेलं, फक्त चेहरा माझ्यासमोर ठरावीक अंतरावर तरंगत चाललेला, आणि तो चेहरा माझी चौकशी करतोय. घरी कोण कोण असतं, बीएड कुठून केलं, डब्यात काय आणलं. मधेच म्हणायचे, “डावीकडे दगड आहे, जपून.” दगड त्यांच्या पाठीमागे होता. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नव्हतं आणि ते एकदाही अडखळले नाहीत. अडखळत मीच होते.

शाळा दोन खोल्यांची. त्यातली एक गळकी, म्हणून पहिली ते चौथीचा सगळा संसार एकाच खोलीत. एका भिंतीला गुरुजींचा फळा, समोरच्या भिंतीला माझा. मधे त्यांची तिसरी-चौथी आणि माझी पहिली-दुसरी, एकमेकांकडे पाठ करून बसलेली. म्हणजे दिवसभर पोरांच्या डोक्यांवरून मी गुरुजींना आणि गुरुजी मला बघणार. नव्या सुनेला सासूसमोर बसवावं तसं मला पहिले काही दिवस वाटत होतं.

आता तुम्ही विचाराल, हा माणूस फळ्यावर लिहितो कसा? वर्गाकडे तोंड करून, हात खांद्यावरून मागे टाकून. खाज सुटल्यावर जिथे हात पोचत नाही तिथे पोचायची आपली जी धडपड असते, तशा अवस्थेत ते भागाकार लिहायचे. अक्षर सुंदर, पण ओळ उजवीकडे उतरत जायची. आणि गुरुजींनी जे फळ्यावर लिहिलं तेच पोरांनी पाटीवर गिरवलं, त्यामुळे त्या पाड्यावरच्या शिकलेल्या प्रत्येक माणसाची ओळ उजवीकडे उतरते. किराणा दुकानाची पाटी उतरती. पाण्याच्या टाकीवरचं ‘पाणी जपून वापरा’ उतरतं. नव्या जावयानं दारावर स्वतःचं नाव सरळ लिहिलं, तर सगळा पाडा त्याला म्हणाला की तिरकं झालंय.

हजेरीची पद्धतही त्यांची स्वतःची. नाव पुकारणं नाही, ‘हजर गुरुजी’ नाही. ते ओळीनं एकेका पोराकडे बघायचे, डोळ्याला डोळा लागेपर्यंत थांबायचे, आणि म्हणायचे, “दिसला.” पुढचीकडे बघून, “दिसली.” पोरं तेवढा वेळ श्वास धरून बसायची. एखाद्याच्या चेहऱ्यावर गुरुजी जरा जास्त थांबले तर ते पोर बिचारं स्वतःचे हात बघून घ्यायचं, आपण आहोत ना म्हणून. मी एकदा म्हटलं, “गुरुजी, अहो, भूत पकडताय का हजेरी घेताय?” तर म्हणाले, “मॅडम, नाव तर नसलेल्याचंही घेता येतं.” मी माझ्या पहिलीला बाराखडी म्हणायला लावली, जोरात.

मग मोबाईलवरून हजेरी घ्यायचं आलं. वर्गाचा फोटो काढायचा, मोबाईल प्रत्येक चेहऱ्याभोवती पिवळी चौकट काढणार. पहिल्या दिवशी मी मोबाईल धरला, पोरं दात काढून बसली, चौकटी पटापट उमटल्या. आणि एक चौकट खिडकीशेजारी उमटली. तिथे कुणी बसलं नव्हतं. नुसती भिंत, आणि भिंतीवर ओलीचा एक डाग. मी मोबाईल हलवला, चौकट गेली. परत स्थिर धरला, परत तिथेच. बरोबर तिसरी-चौथीतलं पोर बसल्यावर डोकं जिथे येईल तेवढ्या उंचीवर.

“डाग आहे तो,” मी म्हटलं. कुणी विचारलं नसताना म्हटलं. गुरुजी बराच वेळ मोबाईलकडे बघत राहिले. दिवाळीआधी शाळा रंगवली तेव्हा तेवढा भिंतीचा तुकडा त्यांनी रंगवू दिला नाही. रंगाऱ्याला सांगितलं, तिथं ओल आहे, रंग धरणार नाही. तेही खरंच होतं.

तालुक्याला नेतृत्वाचं प्रशिक्षण झालं त्याला आम्ही दोघं गेलो होतो. पडद्यावर चित्रं दाखवत एक उत्साही गृहस्थ सगळ्यांना विचारत होते, नेता कुठे असतो? सगळे गुरुजन एका सुरात म्हणाले, पुढे! भटू गुरुजी म्हणाले, “पुढे. पण उलटा.” हॉल हसला. गृहस्थांना वाटलं विनोद आहे, त्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या. जेवणाच्या सुट्टीत गुरुजी उलट्या पावलांनी हॉलबाहेर गेले तेव्हा त्या गृहस्थांच्या हातातला पापड तसाच राहिला.

पाठीबद्दलचे तर्क पाड्यावर पुष्कळ होते. कुणी म्हणे भाजल्याचा व्रण आहे. पोरांचं ठाम मत, गुरुजींना मागे आणखी दोन डोळे आहेत आणि ते उन्हाला चालत नाहीत. टपरीवाल्याच्या मते तोरणमाळच्या तळ्यावर कुणीतरी त्यांच्या पाठीवर बसलंय आणि पाठ कुणी पाहिली की ते उतरून बघणाऱ्याच्या पाठीवर बसेल. हे तर्क मी उडवून लावायचे. पण शिक्षिका असले तरी माणूसच. कुतूहल कुणाला सुटलंय? मागून जाऊन हाक मारून बघितली, हाक तोंडातून निघायच्या आत ते माझ्याकडे बघत होते. मग एक युक्ती केली. नखं-केस तपासायच्या निमित्तानं गुरुजींच्या फळ्याशेजारी एक आरसा लावला, अशा बेतानं की माझ्या जागेवरून त्यात त्यांची पाठ दिसावी. दुसऱ्या दिवशी मी हळूच मान वर करून आरशात बघितलं. आरशात गुरुजींचे डोळे होते. शांतपणे माझ्याकडे बघत होते. ते नेमके कुठे उभे राहिले होते, मला आजही सांगता येणार नाही. मी मधल्या सुट्टीत आरसा काढला. त्यांनी तो उतरवायला मदत केली आणि म्हणाले, “काच फुटाले नको.”

त्याच दिवशी डबा खाताना मी सरळ विचारून टाकलं. आम्ही दोघंही खालच्या पट्ट्यातली, त्यामुळे डब्याशी बसलं की शाळेची मराठी बाजूला राहायची आणि अहिराणी सुरू व्हायची.

“गुरुजी, काय शे हो तुमनी पाठवर?”

गुरुजींनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. “काहीच नही, मॅडम. जे शे ते म्होरे शे. पोरे.”

मग त्यांनी सांगितलं. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. पाऊस सरला की या डोंगरातली निम्मी माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, हे तुम्हाला ठाऊक असेल. मुकादमाची गाडी येते ती न सांगता येते. नाल्याजवळ उभी राहते, माणसं बोचकी घेऊन चढतात, पोरं जिथे असतील तिथून उचलतात. त्या वर्षी भटू गुरुजींनी पाड्यावर जाऊन गर्जना केली होती, एकही पोर शाळेतून हलू देणार नाही, गाडीपुढे आडवा पडेन. आडवं पडणाऱ्या माणसाशी वाद कोण घालणार? कुणी घातला नाही. सगळे हो म्हणाले.

“मी फयावर गणित लिखी ऱ्हायनू व्हतू,” गुरुजी म्हणाले. “मोठं गणित. खडूना आवाज येई ऱ्हायना व्हता, म्हनीसन दुसरा काही ऐकू उना नही. लिखीसन वळनू. वर्गमा कोनीच नही.”

पाट्या जागच्या जागी. एका पाटीवर गणित अर्ध्यावर. एक पेन्सिल अजून फरशीवर घरंगळत होती. मागची खिडकी बुटकी, गज नसलेली. तिच्याबाहेर नाल्याकडे धूळ. अनवाणी पोरं होती, पावलांचा आवाज झाला नाही. आई-बापांनी खिडकीतून नुसती बोटानं खूण केली असेल आणि पोरं एकेक करून निघून गेली, गुरुजींची पाठ असेपर्यंत. ती पेन्सिल थांबेपर्यंत ते तिच्याकडे बघत उभे राहिले.

“ती पेन्सिल जमुनानी व्हती,” ते म्हणाले. खिडकीशेजारी बसायची. चौथीत, हुशार. होळीला सगळा पाडा परत आला, जमुनाही आली, पण शाळेत आली नाही. पुढे लग्न झालं. बाजारात दिसते कधीकधी, कडेवर मूल असतं. गुरुजी दिसले की तोंड फिरवते.

मी डबा झाकला. त्या डागाकडे बघायचं मी टाळलं.

जमुनाची धाकटी बहीण रमिला त्या वर्षी चौथीत होती. दोन वेण्या, त्यातली एक कायम सुटलेली, आणि प्रश्न विचारायची खोड. बेरजेला हातचा घेतो तो कुणाच्या हातचा, असं एकदा तिनं विचारलं होतं आणि आम्हा दोघांनाही धड सांगता आलं नव्हतं. गुरुजींच्या मनात तिला खाली निवासी शाळेत पाचवीला घालायचं होतं. पण श्रावणात तिला भाऊ झाला. उसाच्या फडात आई-बाप तोड करणार, मग तान्ह्याला सांभाळणार कोण? आजी रमिलाला ठेवून घ्यायला तयार होती. आई ‘बघू’ म्हणाली होती. या पाड्यावर ‘बघू’चा अर्थ काय होतो हे गुरुजींना पक्कं माहीत होतं. ही गेली तर हीसुद्धा होळीला पायात नवे तोडे घालून येईल आणि शाळेच्या वाटेनं फिरकणार नाही.

दसऱ्यानंतर तर गुरुजी कहर करायला लागले. पाणी प्यायचे ते वर्गाकडे बघत. शिंक आली तर डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न करायचे. आणि सांगायला लाज वाटते, पण माझंही तेच व्हायला लागलं. एक दिवस माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा हात मागे टाकून ‘कमळ’ लिहितेय, आणि पहिलीतलं एक पोर त्याला ‘करळ’ वाचतंय.

अशात शिक्षण खात्याचे साहेब आले. तालुक्याहून, रशीदभाईंच्या जीपमध्ये, बरोबर बोट लावलं की चालणारा एक भलामोठा पडदा. तो भिंतीला ठोकला, सौर बॅटरीला जोडला, आणि साहेब म्हणाले, आज संध्याकाळच्या आत फोटो वर पाठवायचाय. शिक्षक पडद्याला बोट लावतायत, मुलं कुतूहलानं बघतायत. साधी गोष्ट.

गुरुजी पडद्यासमोर उभे राहिले, वर्गाकडे तोंड करून, आणि हात मागे टाकून पडद्याला बोट लावलं. गणिताऐवजी योगासनं सुरू झाली. दुसऱ्यांदा लावलं तर सूर्यमाला, तीही गाण्यासकट, पाड्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. पोरं खूष.

“अहो गुरुजी, पडद्याकडे बघा ना!” साहेब ओरडले.

“दिसतंय मला, साहेब.”

“काय दिसतंय? तिकडे बघा!”

तेवढ्यात रशीदभाई दारात आले आणि साहेबांना नाही, गुरुजींना म्हणाले, “गुरुजी, नाला जोडे मोठी गाडी उभी शे.”

गाणं वाजतच होतं. गुरुजींनी रमिलाकडे पाहिलं. रमिला खाली बघत होती. तेव्हा मला कळलं की तिला सकाळपासून माहीत होतं. बऱ्याच पोरांना माहीत होतं. त्यांच्या पाट्या कोऱ्या होत्या.

“एकच फोटो, गुरुजी,” साहेब आता विनवत होते. चांगले गृहस्थ होते, त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं.

गुरुजींचा चेहरा मी इतके महिने समोरून बघत आले होते. तो असा कधी पाहिला नव्हता. भरल्या घरात एकदम वीज जावी तसा तो विझला. मग ते वळले. सावकाश, पाय उचलून उचलून, आणि पडद्याकडे तोंड करून उभे राहिले.

पाठीवर काही नव्हतं. चुरगळलेला शर्ट आणि घामाचा एक पट्टा.

त्यांनी पडद्यावर बोटानं लिहायला घेतलं. ओळ सरळ आली. साहेबांनी मोबाईल वर केला. आणि मागच्या खिडकीत बायकांचे चेहरे आले. किती अलगद आले! आधी काही नव्हतं आणि मग चेहरेच चेहरे. रमिलाची आई, झोळीत तान्हं. तिनं बोट हलवलं. पोरं उठली, खरंच काही आवाज झाला नाही. पहिलं पोर खिडकीच्या चौकटीवर हात ठेवून थांबलं, कारण रमिला उठली होती आणि खिडकीकडे जात नव्हती. ती वर्गाच्या मधोमध उभी होती.

“गुरुजी,” ती म्हणाली. “मी जाते.”

गुरुजींचं बोट पडद्यावर थांबलं. ते वळले. रमिला त्यांच्याकडे बघत होती, डोळे हलले नाहीत. गुरुजी बघत राहिले. मग म्हणाले, “दिसली. जा.”

खिडकीत हात ठेवलेलं पोर परत आलं आणि म्हणालं, “गुरुजी, मी जातो.” “दिसला. जा.” मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. आणि जाणारी सगळी दारातून गेली, एकेक करून, डोळ्याला डोळा लावून, हजेरी उलटी चालावी तशी. पडद्यावर ग्रह गात होते. साहेब मोबाईल धरून नुसते उभे होते. शेवटी गुरुजी खिडकीशी गेले आणि रमिलाच्या आईशी पावरीत, पाड्याच्या बोलीत, काहीतरी बोलले. मला ती भाषा तेव्हा येत नव्हती. आईनं मान हलवली; ती हो होती की नाही, कुणाला कळणार!

उरलेल्यांत माझ्या पहिलीतली पोरं होती, ती रडायला लागली. गुरुजी मात्र हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “ईचारीसन गयी, मॅडम. देखं का तुम्ही? ईचारीसन गयी.”

मला भयंकर राग आला. “विचारून गेली म्हणून काय झालं?” मी साहेबांसमोर ओरडले. “गेलीच ना शेवटी! थांबवलं का नाही तुम्ही? आडवे पडणार होतात ना?”

ते वाकून कोऱ्या पाट्या गोळा करायला लागले. साहेबांनी फोटो पाठवला नाही, एवढं मला नंतर कळलं.

हिवाळा लांबला. निम्म्या रिकाम्या वर्गाचा आवाज वेगळाच असतो. आपलंच बोलणं भिंतीवरून परत येतं आणि दुसऱ्याच कुणीतरी बोलल्यासारखं वाटतं. उरलेली पोरं जवळजवळ सरकून बसायची. गुरुजी तसेच समोर तोंड करून शिकवत होते आणि कुणी नसलेल्या जागांवरही नजर थांबवत होते, पण ‘दिसली’ म्हणत नव्हते. मी त्यांच्याशी बरेच दिवस नीट बोलले नाही. माझी ती सवयच आहे, ज्याची कीव येते त्याच्यावर रागावायची.

मग होळी आली. डोंगरातली माणसं कुठेही असोत, होळीला येतातच. ढोल वाजले, रात्री जागल्या, गुजरातेतून गाड्या भरभरून उतरल्या. रशीदभाईंनी बातमी आणली, रमिलाचं घर आलंय. होळी झाली, शाळा भरली, काही पोरं आली, खिदळत, अंगावर रंग घेऊन. रमिला आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गुरुजी दाराकडे डोळे लावून बसायचे, आणि एकदा मला वाटलं की कुडाआडून कुणीतरी डोकावलं आणि गुरुजींची नजर तिकडे जाताच नाहीसं झालं. मी बाहेर जाऊन पाहिलं. धुळीत अनवाणी पावलांचे लहान ठसे होते. ते दारापर्यंत येऊन परत फिरले होते.

मी गुरुजींना सांगितलं. त्यांनी बाहेर येऊन ठसे पाहिले, खाली बसून, हात न लावता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात पाऊल टाकलं आणि दचकले. भटू गुरुजी वर्गाकडे पाठ करून उभे होते. आपण होऊन, फळ्याला नाक लावून, आणि लिहीत होते. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. पाठीवरचे ते दोन डोळे शोधत असावीत.

“गुरुजी, काय हुयनं?” मी जवळ जाऊन हळूच विचारलं.

“उलशी, न्हानी पोर शे, मॅडम,” ते फळ्याकडे बघतच पुटपुटले. “इतला दिन शाळा बुडनी. आते दारमा उभी ऱ्हायनी आन सगळा तिनाकडे देखी ऱ्हायनात, मास्तर बी देखी ऱ्हायना, तं ती मझार कशी येई? मी देखतच नही. त्या सालले पोरे जशी गुपचूप गयी व्हतीत, तशी ही गुपचूप येवू दे.”

मी माझ्या जागी गेले. पहिलीला पाटीवर फुलं काढायला सांगितली, म्हणजे कुणी मान वर करायला नको. मीही पुस्तकात मान घातली. खडूचा आवाज तेवढा येत होता. गुरुजी गणित लिहीत होते, लांबलचक, संपू नये म्हणून आकड्यांना आकडे जोडत चाललेले. त्यांचे खांदे ताठ होते आणि मानेवर घाम जमला होता. मागे वळून न पाहणं त्या माणसाला किती जड जात होतं, हे मला त्या खांद्यांवरून कळत होतं. कुठल्याही देवाला मी सहसा काही मागत नाही, त्या दिवशी मागितलं.

दारातला उजेड जरा कमी झाला. मी मान वर केली नाही. आवाज असा आलाच नाही. फक्त खडूची टकटक, आणि मग खडूचीही नाही, कारण फळा संपला होता. गुरुजींचा हात थांबला. त्यांनी चाचपडत खालचं डस्टर उचललं, पुन्हा लिहायला जागा करायची म्हणून, आणि फळ्याला टेकवलं.

“गुरुजी, पुसू नका,” मागून आवाज आला. कडेवरच्या तान्ह्या भावाला सावरत, धापा टाकत बोलल्यासारखा. “माझं लिहायचं राहिलंय.”

डस्टर फळ्यावर तसंच टेकलेलं राहिलं. गुरुजी वळले नाहीत.

“लिही,” ते फळ्याला म्हणाले. “सावकाश लिही.”